दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ एआयकडून घेतले, तर निवडायचे कोणत्या कसोटीवर?

परळ_वाचनकट्टा (प्रश्न)

नमस्कार. परळमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या दिवाळी अंकाच्या संपादन समितीत मी काम करतो. अंक लहान आहे. जाहिराती आसपासच्या दुकानदारांच्या असतात आणि वाचक म्हणजे बहुतेक वाचनालयाचे सभासद किंवा एके काळी इथे राहून पुढे डोंबिवली-विरारला गेलेली कुटुंबे. मुखपृष्ठ चित्रकाराकडून करून घेण्याचा आमचा जुना रिवाज आहे. यंदा समितीतल्या एका तरुण सभासदाने एआयकडून मुखपृष्ठाचे बरेच नमुने तयार करून आणले. गिरणीची चिमणी, आकाशकंदील, चाळीची गॅलरी, रांगोळी काढणारी मुलगी असे विषय त्यांत होते आणि खरे सांगायचे तर त्यांतला एकही नमुना वाईट नव्हता.

मला खटकले ते पुढचे. मुखपृष्ठावरून आमच्या बैठकीत दरवर्षी कडाक्याचे वाद होतात आणि एकदोघे तरी रुसून घरी जातात. यंदा चहा येण्याआधीच निवड झाली. हेच चित्र का आणि शेजारचे का नाही, असे मी विचारले तेव्हा "छान आहे" यापलीकडे कोणालाही कारण देता आले नाही, आणि त्यात मीही आलो. दुसऱ्या दिवशी त्या चित्रातली मुलगी डावीकडे बसली होती की उजवीकडे, हे मला आठवेना.

चित्रकारांच्या पोटावर पाय येतो हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर इतरत्र पुष्कळ चर्चा होत असते. इथे मला केवळ रुचीबद्दल विचारायचे आहे. अशी चित्रे सतत नजरेखालून गेल्याने आपली स्वतःची आवड बदलते का? आणि वाचकाला फरक कळणार नसेल, तर चित्रकाराला मानधन द्या हे समितीला पटवून देण्यासाठी भावनेपलीकडचे कोणते कारण माझ्यापाशी आहे?

अक्षरजुळारी

आपल्या समितीला कारण का देता आले नाही, याचा उलगडा बऱ्याच अंशी या प्रणालींच्या घडणीतच होतो. स्टेबल डिफ्युजन ही मजकुरावरून चित्र काढणारी प्रणाली ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि तिच्या प्रशिक्षणाचा तपशील बराचसा जाहीर आहे, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. लायॉन या जर्मन संस्थेने महाजालावरची चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्यांची सूची केली होती. या ढिगातून देखणी चित्रे वेगळी काढण्यासाठी गुण देणारा एक छोटा प्रोग्रॅम बनवण्यात आला. माणसांनी चित्रांना एक ते दहापर्यंत दिलेल्या काही लाख गुणांवरून तो शिकला. ज्या चित्रांना ते गुण मिळाले होते त्यांत हौशी छायाचित्रकारांच्या ऑनलाइन स्पर्धांमधली छायाचित्रे होती आणि एआयनेच आधी काढलेली चित्रेही होती. ज्या चित्रांना पाचाहून अधिक गुण मिळतील असा या प्रोग्रॅमचा अंदाज होता, ती निवडून मूळ प्रणालीच्या प्रशिक्षणाचा पुढचा टप्पा झाला. नंतरच्या काळात तर दोन पर्यायांपैकी अधिक लोकांना कोणता आवडला हे पाहून प्रणालीला वळण लावण्याची पद्धत चांगलीच रुळली.

म्हणजे तुमच्या टेबलावर आलेला प्रत्येक नमुना "छान आहे" या परीक्षेत आधीच उत्तीर्ण होऊन आला होता, आणि समितीने त्याला पुन्हा तीच परीक्षा द्यायला लावली. त्यातून निवड होणे शक्यच नव्हते. कसोटी दुसरी हवी आणि ती तुमच्या अंकातून, तुमच्या वस्तीतून यायला हवी. चाळीच्या गॅलरीचेच पाहा. एआयकडे चाळ मागितली की लाकडी कठड्यांची गॅलरी, संध्याकाळचे सोनेरी ऊन आणि ओली, चकाकणारी फरशी हे बहुधा ठरलेले असते. तुमच्या शेजारच्या ना. म. जोशी मार्गावरच्या किंवा नायगावच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. त्यांची मूळ घडण म्हणजे तळमजल्यावर तीन मजले, मधला अंधारा बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. तिथे वाढलेल्या वाचकाच्या आठवणीत ती गॅलरीच नाही. हे चित्र नेमक्या कोणत्या इमारतीचे आहे, एवढा एकच प्रश्न बैठकीत विचारला असता तरी अर्धे नमुने बाद झाले असते.

अक्षरांबाबतही तसेच. सुरुवातीच्या प्रणाली देवनागरीसारखे दिसणारे, पण वाचता न येणारे काहीतरी रेखाटत, कारण त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे केवळ एक आकार होता. काना, वेलांटी, जोडाक्षर यांचे नाते त्यांना ठाऊक नव्हते. आताच्या प्रणालींनी त्यात बरीच सुधारणा केली आहे. तरीही ज्यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींमध्ये कमल शेडगे यांचे अक्षरांकन पाहिले आहे, त्यांना फरक सांगावा लागणार नाही. नाटकाचा स्वभाव ते अक्षराच्या वळणात आणत. एआयला गंभीर नाटकाचे शीर्षक मागून पाहा. अक्षरांना तडे जातात किंवा त्यांतून रक्त ठिबकते.

गिरगाव_जुनी_गल्ली

तांत्रिक माहिती उत्तम आहे, मात्र तिच्यावरून एआयपूर्वी आपल्याकडे रुचीचे सुवर्णयुग होते असा कोणी समज करून घेऊ नये. सर्वांना आवडेल असे चित्र यंत्रावर काढून घरोघरी पोहोचवण्याचा धंदा मुंबईत फार जुना आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांपासून दुकानांच्या गल्ल्यांपर्यंत जाऊन बसल्या. कलासमीक्षकांनी पुढे त्या चित्रांना नाके मुरडली. लोकांनी ती भिंतीवरून काढली नाहीत. दिवाळी अंकांची कथा वेगळी नाही. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाचा पायंडा पाडला, आणि काही दशकांतच मुखपृष्ठ म्हणजे भरजरी शालू नेसलेली, हातात निरांजन घेतलेली सुंदरी, हे समीकरण इतके घट्ट झाले की अनेक अंक एकमेकांच्या शेजारी ठेवले तर ते एकाच घरातल्या बहिणींचे वाटावेत. ती सगळी चित्रे माणसांनीच हाताने काढली होती. हाताने काढले म्हणून ते निराळे असते, हा युक्तिवाद घेऊन बैठकीत गेलात तर कोणीही जुने अंक काढून तुम्हाला गप्प करील.

तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो वर आला नाही म्हणून लिहितो. ते चित्र सगळ्यांनी पाहिलेले असे. दीनानाथ दलाल यांची सुंदरी सरस की रघुवीर मुळगावकरांची, यावर आमच्या गल्लीत शपथेवर सांगावे अशा तावातावाने वाद होत, आणि वाद घालणाऱ्यांत चित्रकलेचे शिक्षण घेतलेला एकही नसे. दलालांची रेषा पाहा, मुळगावकरांच्या त्वचेचा मऊपणा पाहा, असे एकमेकांना दाखवता दाखवताच आम्हाला पाहायला आले. माझी आवड मी एकट्याने कमावलेली नाही. ती निम्मी त्या भांडणांची देणगी आहे. एआयचे चित्र ज्याने मागितले त्याच्यापुरते असते. शेजाऱ्याला दुसरे मिळते, मलाच उद्या तिसरे मिळते, आणि जे समाईक नाही त्यावर भांडण होत नाही. आपल्या बैठकीत कोणी रुसले नाही, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत काळजीची बाब वाटते.

चेंबूर_कॅम्प

पहिल्या प्रश्नाविषयी लिहिते. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडा अभ्यासक्रमाचा वास येईल, तो चालवून घ्यावा.

एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेस पडली तरी ती अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले. त्यामुळे सतत एआयची चित्रे पाहून तीच नमुनेदार वाटू लागण्याची शक्यता आहे, हे उघड आहे. मात्र गोष्ट तिथेच थांबत नाही. ब्रिटनमधल्या काही अभ्यासकांनी २०१३ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना अनेक आठवडे व्याख्यानांच्या दरम्यान काही चित्रे वारंवार, पण कोणतेही भाष्य न करता दाखवली. त्यांत थॉमस किंकेड या अमेरिकी चित्रकाराची चित्रे होती आणि जॉन एव्हरेट मिले या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराचीही होती. किंकेडची चित्रे जितकी अधिक वेळा दिसली तितकी ती कमी आवडू लागली. मिलेच्या चित्रांची तशी घसरण झाली नाही. किंकेड म्हणजे खिडक्यांतून पिवळा उजेड सांडणारी टुमदार घरे, दगडी पूल आणि गुलाबी आकाश. वर ज्या सोनेरी उन्हाचा उल्लेख आला त्याचा हा सख्खा भाऊच म्हणावा लागेल. एका प्रयोगावरून सिद्धान्त मांडू नये हे मी वर्गात रोज सांगते, पण सराव आणि परिचय यांनी माणसाचे पाहणे बोथटच होते असे नाही, एवढे तरी यातून दिसते. वेळ मिळाला तर नजर आपली आपण काही गोष्टी गाळते.

अडचण वेळेचीच आहे. दादरच्या साडीच्या दुकानात विक्रेता गिऱ्हाइकाचे डोळे पाहून त्याच जातीच्या साड्या भराभर उलगडत जातो, तसे हे नमुने एकापाठोपाठ एक समोर येतात, आणि त्यात आधीच्या नमुन्याचा कंटाळा येण्याइतकीही उसंत मिळत नाही. फरक एवढाच की अनुभवी विक्रेता कधीतरी "ताई, हा रंग राहू द्या" असे तोंडावर सांगतो. या प्रणाली बहुतकरून मान डोलावतात.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. निवडलेला नमुना आणि तुमच्या जुन्या अंकांची दोनतीन मुखपृष्ठे मोठ्या आकारात छापून वाचनालयाच्या पुस्तक देवघेवीच्या खिडकीजवळ महिनाभर लावून ठेवा. खाली काहीही लिहू नका. महिन्याने सभासदांना विचारा की यांतले कोणते काढून टाकले तर चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. वाचकाला फरक कळणार नाही हे समितीने न विचारताच गृहीत धरले आहे.

मजकूर_तपासनीस

मी कथांचे संपादन करतो, त्यामुळे चित्रांविषयी बोलण्याचा माझा अधिकार बेताचा आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र हेच घडताना दिसते. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक प्रयोग २०२४ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आठ वाक्यांच्या छोट्या कथा लिहायला सांगितले होते. काहींना एआयकडून कल्पना घेण्याची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांनी कल्पना घेतल्या त्यांच्या कथा परीक्षकांना सरस वाटल्या आणि मुळात कल्पकतेत कमी पडणाऱ्यांना तर सर्वाधिक लाभ झाला. मात्र त्या कथा एकमेकींसारख्या होत्या. प्रत्येक लेखकाचा फायदा आणि संग्रहाचा तोटा, असा तो हिशेब आहे, आणि दिवाळी अंक हा अखेर संग्रहच असतो.

माझ्याकडे येणाऱ्या कथांमध्ये अलीकडे एक चिन्ह हमखास आढळते. मालवणची आजी, सोलापूरचा हमाल आणि भांडुपचा कंडक्टर हे सगळे एकाच स्वच्छ प्रमाण मराठीत बोलतात आणि प्रत्येक परिच्छेद सुविचारावर संपतो. त्याच लेखकाच्या आधीच्या, खडबडीत खर्ड्यात आजी शिव्या देत असते. मी तो खर्डा मागवून घेतो. पुष्कळदा तोच छापतो.

त्या पाठोपाठ दुसऱ्या बाजूचाही दाखला द्यायला हवा. २०२४ मध्येच 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, कवितेचे जाणकार नसलेल्या वाचकांना नामवंत कवींच्या आणि एआयच्या इंग्रजी कविता वेगळ्या ओळखता आल्या नाहीत, उलट एआयच्या कवितांना त्यांनी अधिक गुण दिले. त्यामुळे वाचकाच्या पहिल्या पसंतीवर निर्णय सोपवायचा असेल, तर समिती हवी कशाला?

परळ_वाचनकट्टा

सर्वांचा आभारी आहे. मुखपृष्ठे खिडकीजवळ लावण्याची कल्पना ग्रंथपालांना लगेच पटली आहे. बैठकीत आता दोन नवे मुद्दे निघाले आहेत. खजिनदार विचारतात की एआयच्या चित्राचे हक्क कोणाकडे राहतील. आणि चित्र आणणाऱ्या सभासदाचा प्रस्ताव असा आहे की चित्रकाराकडूनच काम करून घेऊ, पण त्याला हे नमुने दाखवू, म्हणजे आपल्याला काय हवे ते त्याला नेमके कळेल आणि वेळ वाचेल. मला हा मधला मार्ग वाजवी वाटतो.

अक्षरजुळारी

हक्कांविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. ती दुरुस्ती झाली तेव्हा आजच्या प्रणाली कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, पण मिडजर्नी या एआय प्रणालीने काढलेल्या तिच्यातल्या चित्रांना नाकारले. खजिनदारांना एवढेच सांगा की पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी हेच चित्र वापरले, तर तक्रार करायला तुमचे पाय भक्कम जमिनीवर असतीलच असे नाही.

गिरगाव_जुनी_गल्ली

हक्क बाजूला राहू द्या, श्रेयनामावलीचे काय? चित्र एआयचे असेल तर तसे स्पष्ट छापावे आणि त्याच ओळीत "निवड" म्हणून एका माणसाचे नाव द्यावे. समिती म्हणून नाव नको, एका व्यक्तीचे हवे. वाचकाने रस्त्यात अडवून "हे काय लावलेत?" असे विचारले तर उत्तर देणारा कोणीतरी हवा. नाव द्यायला कोण तयार होतो ते बैठकीतच पाहा.

कुंचला_काळाघोडा

मी मुखपृष्ठे करते, त्यामुळे माझ्या मताला हितसंबंधाचा रंग आहे हे आधीच मान्य करते. त्या मधल्या मार्गाबद्दल मात्र बोललेच पाहिजे, कारण हल्ली प्रकाशकांकडून येणाऱ्या कामांत तो वारंवार दिसतो. एआयचा पूर्ण झालेला, चकचकीत नमुना समोर ठेवून "असेच काहीतरी, पण तुमच्या शैलीत" असे सांगितले जाते. त्या क्षणी माझे काम चित्र काढण्याचे राहत नाही, दुरुस्तीचे होते. रचना ठरलेली असते, प्रकाश ठरलेला असतो, मुलगी कुठे बसणार तेही ठरलेले असते. मी वेगळी रचना दाखवली की ग्राहक तिची तुलना त्या नमुन्याशी करतो. माझे असते पेन्सिलीचे कच्चे रेखाटन आणि तो असतो रंगवून पूर्ण झालेला, त्यामुळे निकाल आधीच लागलेला असतो. वेळ वाचतो हे खरे. वाचतो तो नेमका शोधाचा वेळ.

जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना आम्हाला रेखाटनवही घेऊन बाहेर पाठवत. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वाराशी बसून तासभर काढले की त्यातली बहुतेक रेखाटने टाकाऊ निघत, पण एखाद्या हमालाच्या पाठीचा बाक असा हाती लागे की तो कोणी मागितला नसता आणि मलाही तो मागता आला नसता. एआयकडून जे मिळते ते मागण्याच्या पलीकडे फारसे जात नाही, आणि मागणारा तर आधी पाहिलेलेच मागतो. मी ही साधने वापरत नाही असे नाही. रंगसंगती चटकन तपासून पाहायला वापरते, मात्र माझी रचना कागदावर पक्की झाल्यानंतर.

तेव्हा चित्रकाराला ते नमुने दाखवू नका. त्याऐवजी अंकाची अनुक्रमणिका द्या, त्यातले जे दोन लेख तुम्हाला अभिमानाचे वाटतात ते वाचायला द्या, आणि एक संध्याकाळ वाचनालयात बसू द्या. दोनतीन कच्ची रेखाटने मागा आणि त्यांचे वेगळे मानधन आधीच ठरवा, म्हणजे नापसंती सांगताना समितीला संकोच वाटणार नाही. रेखाटनांवर समितीतल्या प्रत्येकाने निदान एक आक्षेप कारणासह लेखी द्यावा. "छान आहे" ही टिप्पणी ग्राह्य धरू नये. आमच्यासारख्यांना आक्षेपांचे काही वाटत नाही, उलट त्यांतूनच पुढे कुठे जायचे ते कळते. अंक वसुबारसेच्या आधी छापून हवा असेल तर हे बोलणे गणपतीपूर्वी व्हायला हवे, कारण त्यानंतर मुंबईतला कोणताही चित्रकार तुमच्या हाती लागणार नाही.